संहितेचा पुनर्लाभ : सकळ लिपी आणि हार्ड डिस्क

बंद पडलेल्या जुन्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधून फाइली परत मिळविणे हा वरवर पाहता केवळ यंत्रज्ञाचा विषय वाटतो. परंतु संहिता हाती येणे आणि ती वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे ज्याने हस्तलिखितांत काही काळ घालविला आहे त्याला हा प्रश्न परका वाटणार नाही. यवतमाळच्या संशोधनपरंपरेत तर त्याचे एक ठळक उदाहरणच आहे.

शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ साली यवतमाळ येथे प्रसिद्ध झाला. ज्या वाङ्मयाचा त्यात परिचय आहे ते कित्येक शतके मठांतून सुरक्षित होते. पंथाबाहेरच्या वाचकाला मात्र ते नसल्यासारखेच होते. याचे कारण सकळ लिपी. नागरीतील अक्षरांच्या जागी ठराविक दुसरी अक्षरे व चिन्हे योजण्याची ही पद्धती परंपरेने रवळोबासांची मानली जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी तिची उकल केली आणि मराठीच्या आद्य गद्याचा इतिहास नव्याने लिहिणे भाग पडले. पोथी नष्ट झाली नव्हती. हरवली होती ती किल्ली.

हार्ड डिस्कची गोष्ट याहून फार वेगळी नाही. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने बाजारात आणलेल्या पहिल्या डिस्कयंत्रात पन्नास तबकड्या होत्या व त्यांवर सुमारे पन्नास लक्ष अक्षरे मावत. लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्क आकाराने कितीही लहान झाली, तरी तत्त्व तेच राहिले : फिरत्या तबकडीवर चुंबकीय खुणा आणि कोणती फाइल कोठे आहे हे सांगणारी सूची. फाइल पुसली म्हणजे बहुधा सूचीतील नोंद तेवढी जाते. तिच्या जागेवर नवे लेखन होईपर्यंत मूळ खुणा कायम असतात. लॅपटॉपचा पडदा वा विद्युत्‌मंडल निकामी झाले असले, तर डिस्क मुळीच बिघडलेली नसणेही शक्य असते. ती काढून जोडणीच्या साधनाने दुसऱ्या संगणकास लावावी, तिच्यावर काहीही न लिहिता तिची संपूर्ण प्रतिमा घ्यावी आणि पुढील सर्व काम त्या प्रतीवर करावे, हा येथील पहिला नियम होय. मूळ पोथीवर शाई न लावण्याचा संपादकाचा दंडक तो हाच. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर ती त्वरित थांबवावी. कारण वाचक-शीर्ष तबकडीला घासल्यास खुणाच खरवडल्या जातात. सूची नष्ट झाली असल्यास प्रत्येक प्रकारच्या फाइलीच्या आरंभी येणाऱ्या ठराविक चिन्हांवरून ती ओळखतात. मंगलाचरणावरून सुट्या पानांचा ग्रंथ ओळखावा, तसाच हा प्रकार. चुंबकीय तबकडीऐवजी अर्धवाहक स्मृती वापरणाऱ्या नव्या डिस्कांत मात्र पुसलेला मजकूर बहुधा लवकरच खरोखर नाहीसा केला जातो. तेथे ही आशा फारशी उरत नाही.

येथवरचा भाग यंत्रज्ञाचा. मराठी संहितेच्या बाबतीत खरी अडचण यानंतर सुरू होते. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक निश्चित झाले व त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. मुद्रणाच्या व्यवहारात मात्र पुढेही दीर्घ काळ खाजगी फाँट चालले. त्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर नागरी वळणे बसविलेली असत, आणि प्रत्येकाची वाटणी निराळी. म्हणून फाइल अखंड मिळूनही तो फाँट नसेल, तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. केवळ अक्षरास अक्षर बदलूनही भागत नाही. ‘किती’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी अशा फाइलीत दिसते तशी ‘क’च्या आधी असते, युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. ‘धर्म’मधील रफार तेथे ‘म’च्या मागून असतो, युनिकोडमधील ‘र्’ त्याच्या आधी. म्हणजे क्रम पुन्हा लावावा लागतो, आणि ते काम लिपी व उच्चार यांचा संबंध जाणणाऱ्याचे आहे. सकळ लिपीत गुप्तता हेतुपुरस्सर होती. येथे ती अनवधानाने निर्माण झाली, इतकाच भेद.

यवतमाळ जिल्ह्यापुरता विचार केला, तर या प्रश्नाचे गांभीर्य अधिक जाणवते. केळापूर, वणी, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांत कोलाम लोकांची वस्ती आहे. त्यांची कोलामी भाषा द्राविड कुलातील असून तिला स्वतंत्र पारंपरिक लिपी नाही. १९५५ साली प्रसिद्ध झालेले मरी एमेनो यांचे कोलामीचे वर्णन आजही वाचता येते, कारण कोणते चिन्ह कोणत्या ध्वनीसाठी आहे हे त्या ग्रंथातच सांगितले आहे. किल्ली संहितेबरोबरच ठेवलेली आहे. याउलट, एखाद्या अभ्यासकाने अशा भाषेचे शब्द वा गीते खाजगी फाँटमध्ये, आपल्यापुरती खास चिन्हे योजून, लॅपटॉपवर टिपली असतील, तर ती मराठी मजकुराप्रमाणे संदर्भावरून ताडून पाहता येणार नाहीत. ज्या वृद्धेने ते गीत सांगितले ती हयात नसेल, तर विचारावे तरी कोणाला?

यास्तव टिपणांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे, ती युनिकोडमध्ये करणे आणि चिन्हांचा तक्ता तिच्या आरंभीच देणे हे संशोधनाचेच अंग मानले पाहिजे. मठांनी पोथ्या जपल्या आणि त्यांची किल्लीही पंथात जिवंत राहिली, म्हणून राजवाडे यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांना यश आले. आजच्या फाइलींना तसा पंथ लाभेलच असे नाही.