गहाण पडलेला जिल्हा

बालाघाटाची डोंगररांग धाराशिव जिल्ह्यांतून जाते. तिच्या एका अंगाचें पाणी तेरणा व मांजरा या नद्यांतून गोदावरीस मिळतें. दुसऱ्या अंगाचें सीना व बोरी यांतून भीमेस. दोन्हीकडे पाणी वांटून देणारा हा मुलूख स्वतः मात्र बहुधा तहानलेलाच असतो, कारण पश्चिमेचे मेघ सह्याद्रीवर रिते होऊन येथवर येतात. पाऊस साधला तर काळ्या जमिनींत ज्वारी, तूर, करडई व कापूस चांगला पिकतो. न साधला तर पेरलेलें बींही हातीं लागत नाहीं. अशा मुलखाचा वसूल सावकाराने तारण म्हणून सहसा धरूं नये. तथापि इ. स. १८५३ मध्यें तसेंच घडलें.

निजामाच्या दरबारावर त्या काळीं कंटिंजंट नांवाच्या फौजेचा बोजा होता. फौज निजामाच्या खर्चाची, पण अधिकारी इंग्रज आणि हुकूमही इंग्रजांचाच. पगार थकत गेला, कंपनीनें तो आपल्या तिजोरींतून भरला आणि कर्ज वाढत राहिलें. ज्या फौजेवर आपली सत्ता नाहीं तिच्यासाठीं ऋणको होण्याचा हा प्रसंग होता. अखेर गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याच्या दडपणाखालीं नासिरुद्दौला निजामानें मे १८५३ मध्यें तह केला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव म्हणजे तेव्हांचा नळदुर्ग प्रांत, यांचा कारभार इंग्रजांकडे गेला. वसुलांतून पांच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ व चार तोफखाने पोसावयाचे, आणि उरेल तें निजामास द्यावयाचें, असें ठरलें. स्वामित्व निजामाचें, वहिवाट इंग्रजांची! ज्यांच्या शेतसाऱ्यावर हा व्यवहार बेतला त्या कुणब्यांस कोणी विचारल्याचें दिसत नाहीं.

असें केवळ हिंदुस्थानांतच घडलें असें नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचें खत, ज्यास ग्वानो म्हणतात, हेंच राज्याचें मोठें उत्पन्न होतें. १८६९ मध्यें त्या सरकारनें तें ड्रेफस या फ्रेंच पेढीच्या हवालीं केलें. पुढें १८९० मध्यें कर्जाच्या बदल्यांत आपली रेल्वे धनकोंस ६६ वर्षांसाठीं दिली. पेरू स्वतंत्र प्रजासत्ताक होतें, एवढाच काय तो फरक.

नळदुर्गचा कारभार कर्नल मेडोज टेलर याच्याकडे आला. ठगांवरील कादंबरीनें विलायतेंत गाजलेला हा गृहस्थ. बोरी नदीला बांध घालून इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्या काळीं जेथें पाणीमहाल उठविला, त्याच नळदुर्गच्या किल्ल्यांत त्याचें वास्तव्य होतें. जमिनीची मोजणी, रस्ते, तलाव या कामांत त्यानें मन घातलें. परक्या सत्तेचा चाकर म्हणून त्याच्या कामाची किंमत कमी करणें न्याय्य होणार नाहीं. तुळजापूरच्या परिसरावर त्याचा जीव जडला होता. पुढें १८६३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘तारा’ या कादंबरींत तें गांव आलें आहे. १८५७ सालीं त्याची वऱ्हाडांत बदली झाली.

त्याच वर्षींच्या बंडांत निजामानें इंग्रजांचा पक्ष सोडला नाहीं. त्याचें बक्षीस म्हणून १८६० च्या तहानें पन्नास लाखांचें कर्ज माफ झालें आणि नळदुर्ग व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र मिळालें नाहीं. तेथील कापसाचें मोल इंग्रजांस पुरतें ठाऊक होतें. १९०२ मध्यें सालीना २५ लाखांच्या कायम पट्ट्यानें तें त्यांच्याकडेच राहिलें.

परतलेल्या जिल्ह्यांत दिवाण सालारजंग यानें मक्त्याची वसुली मोडून १८६५ पासून जिल्हाबंदी आणली. शेतमालाचा ओढा मात्र सरहद्दीपलीकडील सोलापूर व बार्शी या इंग्रजी बाजारपेठांकडेच राहिला. त्यामुळें व्यापाऱ्यास नाक्यावर करोडगिरी भरावी लागे आणि हाली सिक्का देऊन कलदार घेण्याची कटकट सोसावी लागे. सोलापुरास रेल्वे १८६० मध्येंच आली. बार्शी लाईट रेल्वेचा अरुंद रूळ १९११ मध्यें येडशी व ढोकीवरून लातुरास पोहोंचला. जिल्ह्याचें मुख्य ठिकाण धाराशिव मात्र त्याच्या वाटेबाहेर राहिलें. निजामाची राजवट १९४८ सालीं संपली, तरी गांवांत रेल्वे यावयास एकविसावें शतक उजाडावें लागलें.