कुठलं यूएसए?

शुक्रवारची बदलापूर लोकल. माझ्या मित्राने मोठ्या उत्साहात जाहीर केलं, "पुढच्या महिन्यात यूएसएला चाललोय!" समोरच्या सिंधी काकांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "कॅम्प नंबर कितीला?" आजूबाजूचे सगळे हसले. मित्र पुण्याचा, त्याला काहीच कळेना.

तर मंडळी, कल्याणच्या पुढे राहणाऱ्याला यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हे शाळेतच कळलेलं असतं. इथल्या मालावर 'मेड इन यूएसए' छापायचं आणि कोणी हटकलंच तर हा अर्थ सांगायचा, असा तो किस्सा. पुढे 'यूएसए माल' म्हणजे ड्युप्लिकेट, असाच अर्थ रूढ झाला. गॉगलला लावा, नाहीतर एखाद्याच्या डिग्रीला!

जपानबद्दलही असंच सांगतात. मालावर छापता यावं म्हणून त्यांनी म्हणे एका गावाचं नावच 'उसा' ठेवलं, स्पेलिंग यू-एस-ए. साफ खोटं. तिथलं देवस्थान हजार वर्षांहून जुनं आहे. पण नव्याने धंद्यात उतरलेल्यांवर असले किस्से पटकन चिकटतात.

उल्हासनगरचे लोक धंद्यात उतरले ते हौसेने नाही. फाळणीत पंजाब आणि बंगालचे दोन भाग झाले, निम्मं तरी इकडे राहिलं. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. कराची, हैदराबाद, शिकारपूर सोडून आलेल्या ९० हजारांहून जास्त लोकांना कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत ठेवलं. पाच कॅम्प, लांबलचक बराकी आणि एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी इथे नव्या शहराची कोनशिला बसवली. उल्हास नदीवरून नाव उल्हासनगर. (छावणीतल्या लोकांना त्या नावाचं काय वाटलं असेल कोण जाणे.)

शेती नाही, जमीन नाही, ओळखी नाहीत. मग पापड, लोणची, गोळ्या-बिस्किटं, लोकलमधली फेरी, घरातलं शिलाई मशीन. थोड्या नफ्यावर भरपूर विकायचं. त्यातूनच फर्निचर, कपडे आणि जीन्सचे बाजार उभे राहिले.

आणि गिऱ्हाईक कोण? तर आपणच! १९९१पर्यंत आयातीवर कडक बंधनं होती. घड्याळ असो की सेंट, 'फॉरेन'चं आहे म्हटलं की आपली मान ताठ. माल देशी पण शिक्का परदेशी हवा, ही मागणी आपली. नाव मात्र बदनाम झालं उल्हासनगरचं. फसवणूक झालीच नसेल असं माझं म्हणणं नाही. पण अख्ख्या शहराला त्यावरून ओळखायचं हे जरा जास्तच होतं.

शिक्क्याचा अर्थ उलटतोही म्हणा. १८८७ साली ब्रिटनने कायदा करून परदेशी मालावर मूळ देशाचं नाव छापायला लावलं. रोख होता स्वस्त जर्मन मालावर. पण थोड्याच वर्षांत 'मेड इन जर्मनी' बघून लोक जास्त पैसे मोजायला लागले. आपल्याकडे कायद्याने नाही, पण विनोदाने थोडंसं तेच झालंय. हल्ली 'यूएसए'चा जोक सगळ्यात आधी उल्हासनगरवालेच सांगतात, तेही कॉलर ताठ करून.

असो. उल्हासनगर आलं. काका पेपरची घडी घालून उठले आणि मित्राला म्हणाले, "जा बेटा, जरूर जा. माझे वडील कराचीहून बोटीने आले, तेव्हा तेही थोड्या दिवसांसाठीच आले होते."