देव धनी, विश्वस्त सेवक

देवापुढे भाविक एक रुपया ठेवतो, तेव्हा तो रुपया कोणाचा होतो? पुजाऱ्याचा, पंचांचा, की देवाचा? प्रश्न साधा वाटतो. परंतु त्यापायी आपल्या देशात पिढ्यान् पिढ्या दावे चालले आहेत. जीर्णोद्धाराच्या या मंगलप्रसंगी त्यांचा थोडक्यात इतिहास ग्रामस्थांपुढे ठेवणे उचित होईल.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातील डाकोर येथे श्रीरणछोडरायाचे मोठे देवस्थान आहे. भक्त बोडाणाने द्वारकेहून देव आणला आणि सोन्याची नथ व तुळशीपत्र यांच्या भारोभार तो तुलला, अशी कथा सांगतात. तेथील मंदिर १७७२ साली गोपाळ जगन्नाथ तांबेकर या मराठी सावकाराने बांधविले. पुढे यात्रेकरूंच्या देणग्यांनी देवस्थान संपन्न झाले. तेव्हा पूजाअर्चा करणारे सेवक म्हणू लागले, की देवापुढे आलेले उत्पन्न आमच्या खाजगी मालकीचे; त्याचा हिशेब कोणी मागू नये. यावर मनोहर गणेश तांबेकर आदी भाविकांनी दावा लावला.

१८८७ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. वेस्ट यांनी या दाव्याचा निकाल दिला. देव ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे, देवाला वाहिलेले द्रव्य देवाचे आहे आणि ते हाताळणारे सेवक विश्वस्ताप्रमाणे हिशेब देण्यास बांधलेले आहेत, असे ठरले. सेवकांचा सेवेचा मान गेला नाही. गेली ती मालकीची भाषा. हे प्रकरण पुढे विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले व १८९९ साली तेथेही देवस्थानच्या कारभारासाठी योजना ठरवून देण्याचे तत्त्व कायम राहिले.

कलकत्त्याच्या मलिक घराण्यातील वाद याहून निराळा. सेवेच्या पाळीत देव आपल्या घरी नेता येईल की नाही, यावरून भाऊबंदांत तंटा लागला. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, की मूर्ती म्हणजे घरातील चीजवस्तू नव्हे. तिचे हित काय, हे मांडण्यास तंट्यात स्वार्थ नसलेला माणूस नेमावा. अज्ञान बालकासारखा देव स्वतः बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने बोलणाऱ्याने आपला लाभ पाहावयाचा नसतो.

आपल्या राज्यात पंढरपूरचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. तेथील कारभाराच्या चौकशीसाठी नाडकर्णी आयोग बसला. १९७३ च्या पंढरपूर मंदिर कायद्याने बडवे, उत्पात आदींचे वंशपरंपरागत हक्क रद्द झाले. त्यावर दावे होऊन अखेरचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून जानेवारी २०१४ मध्ये लागला. एवढ्या काळात कित्येक आषाढ्या आल्या आणि गेल्या!

लहान देवस्थानांसाठी १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे. त्यानुसार धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी लागते, जमाखर्च ठेवून तो तपासून घ्यावा लागतो. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावयाचा असतो. कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून देवाची स्थावर मिळकत विकता येत नाही. विश्वासभंग झाल्यास, हितसंबंध असलेल्या दोघा भाविकांनाही आयुक्तांच्या संमतीने दावा लावता येतो.

देवस्थान इनामाच्या जमिनीबाबत गावोगाव गैरसमज आढळतो. सातबाऱ्यावर देवाच्या नावाखाली वहिवाटदार म्हणून पुजाऱ्याचे नाव असते. दोन पिढ्या गेल्या, की वारसांना ती आपली वाटू लागते. मध्य प्रदेशातील अशाच एका प्रकरणात ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जमिनीचा मालक देव असून पुजारी हा केवळ व्यवस्था पाहणारा आहे.

या सर्व निकालांचे सार गावच्या भाषेत एका ओळीत मावते : देव धनी, बाकी सारे सेवक. पावती फाडणे, जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखविणे, दागिन्यांची यादी पंचांसमक्ष करणे, ही कामे पूजेइतकीच पवित्र समजली, तर कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही. हिशेब विचारणारा भाविक देवस्थानचा वैरी नसतो, हेही ध्यानी असावे. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या या मंदिराचा कारभार असाच स्वच्छ राहो आणि पुढील पिढीच्या हाती उजळ माथ्याने सोपविता येवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.