फ्रान्सच्या या गावात चर्चमध्ये मंडई भरते, आणि शेजारच्या गावातली खरी गुहा बघायला बंदी आहे

फ्रान्स म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पॅरिस येतं, आयफेल टॉवर येतो. पण फ्रान्सची खेडी बघायची असतील तर नैऋत्येकडच्या दोर्दोन्य भागात जावं लागतं. तिथलं सार्ला हे छोटं गाव आणि तिथून साधारण २५ किलोमीटरवरची लास्कोची गुहा, या दोन्ही गोष्टी एका दिवसात होतात.

जायचं मात्र बुधवारी किंवा शनिवारी. कारण सार्लाचा बाजार याच दोन दिवशी सकाळी भरतो, आणि दुपार झाली की विक्रेते आवराआवर करायला लागतात. त्यातही शनिवारचा बाजार मोठा. पिवळसर दगडाच्या जुन्या घरांमधल्या गल्ल्या अक्रोड, बकरीच्या दुधाचं चीज, स्ट्रॉबेरी, मशरूम यांनी भरून जातात. हिवाळ्यात ट्रफल येतं. ट्रफल म्हणजे जमिनीखाली उगवणारी, भयंकर महाग बुरशी.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवायचं. इथली बटाट्याची प्रसिद्ध डिश दिसायला साधी, पण ती बदकाच्या चरबीत परततात. त्यापेक्षा अक्रोडाचा पाव आणि चीज घ्यावं.

या भागाची खरी ओळख आहे फोआ ग्रा, म्हणजे बदकाला किंवा हंसाला नळीने जबरदस्ती खाऊ घालून फुगवलेलं यकृत. फ्रान्सच्या कायद्यात त्याला खाद्यवारसा म्हटलंय. भारताने मात्र प्राण्यांवरच्या क्रूरतेच्या मुद्द्यावरून २०१४ मध्ये त्याच्या आयातीवर बंदी घातली. त्यामुळे मित्रांसाठी डबा आणायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

आता चर्चचा विषय. सेंट मेरीचं हे जुनं चर्च बऱ्याच काळापासून प्रार्थनेसाठी वापरात राहिलं नव्हतं. त्याचा काही भागही पडला होता. पाडण्यापेक्षा त्याची मंडई करायचं ठरलं आणि काम आलं जाँ नुवेल या जगप्रसिद्ध वास्तुरचनाकाराकडे. त्याचं लहानपण याच गावात गेलेलं. त्याने चर्चला सुमारे १५ मीटर उंचीचे अवाढव्य धातूचे दरवाजे बसवले. काहींना ते अजूनही खटकतात. पण आत लोक चीज घेतायत, गप्पा मारतायत, आणि इमारत उभी आहे.

पण मुळात अख्खं गावच टिकलं कसं? एक कारण म्हणजे गरिबी. नव्या जमान्याचा पैसा इथे फारसा आलाच नाही, त्यामुळे जुनं पाडून नवं बांधायची ऐपत कुणाची नव्हती. १९६० पर्यंत घरं मोडकळीला आली होती. तेव्हा लेखक आणि सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी १९६२ मध्ये कायदा आणला. एखाद-दुसरी वास्तूच नाही, तर गावाचा अख्खा जुना भाग संरक्षित करता येईल, अशी त्यात सोय होती. त्याखाली सगळ्यात आधी काम सुरू झालं ते सार्लामध्ये. अर्थात याची किंमतही आहे. जुन्या भागात आता राहणाऱ्यांपेक्षा पर्यटकांसाठीची दुकानं जास्त दिसतात.

दुपारी गाडी काढून मोंतिन्याकला जायचं. इथे १२ सप्टेंबर १९४० ला मार्सेल राविदा हा १८ वर्षांचा मुलगा मित्रांसोबत एका भोकातून आत उतरला, आणि समोर भिंतीभर बैल, घोडे, हरणं! अंदाजे १७ हजार वर्षं जुनी. आपल्या अजिंठ्याची चित्रं गिलाव्यावर काढलेली आहेत, इथली थेट खडकावर.

१९४८ मध्ये गुहा सगळ्यांसाठी उघडली आणि तिथेच घोळ झाला. रोज हजाराच्या वर माणसं आत जायला लागली. त्यांचा श्वास, त्यांची उष्णता, वर दिव्यांचा उजेड. भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं, मग क्षारांचा पांढरा थर यायला लागला. १९६३ मध्ये गुहा बंद झाली. बंद करणारे मंत्री पुन्हा मालरोच.

मग पर्यटक बघतात काय? तर नक्कल. पहिली १९८३ मध्ये मूळ गुहेपासून २०० मीटरवर झाली, पण ती काही भागापुरतीच होती. २०१६ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी जवळपास पूर्ण गुहेची प्रतिकृती उभी राहिली. खडकाचे उंचसखल भागही मोजून तसेच उतरवलेत. 'खोटं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं,' असं वाटणं साहजिक आहे. पण पाच मीटरपेक्षा लांब बैल डोक्यावर दिसला की मान वर करून बघितलंच जातं.

तिकिटावर वेळ ठरलेली असते, त्यामुळे बाजारात रमून उशीर करू नका. सोबत जाडसर जॅकेट ठेवा. खऱ्या गुहेसारखा गारवा वाटावा म्हणून आतलं तापमान मुद्दाम कमी ठेवलेलं असतं.