दारातल्या डब्याची किल्ली कोणाकडे?

परवा रात्री बातमी पाठवायची घाई, आणि नेट गेलं. कनेक्शनवाल्याला फोन केला, म्हटलं, राउटरचा पासवर्ड द्या, मीच बघतो. "तो आम्ही कोणाला देत नाही साहेब." डबा माझ्या घरात, वीज माझी, डिपॉझिट माझं, आणि किल्ली त्याच्याकडे!

मंडळी, हे भांडण जुनं आहे. त्याचा इतिहास सांगतो.

२००५ च्या आसपास आमच्या गावातल्या सायबर कॅफेत कोपऱ्यात एक जुनाट कॉम्प्युटर असायचा. मॉनिटर नाही, हार्डडिस्क नाही. मालक म्हणायचा, "हा आपला वॉचमन." त्यात नेटवर्कची दोन कार्डं, एक बाहेरच्या लाइनसाठी, एक आतल्या सहा मशीनसाठी. आणि १.४४ एमबीची एक फ्लॉपी. तेवढ्यात अख्खं लिनक्स! फ्लॉपीवरून ते मेमरीत चढायचं आणि मग तिथूनच चालायचं. लाइट गेली तरी बिघडायला काही नाही, पुन्हा चालू केलं की झालं. काम वाड्याच्या दारात बसलेल्या म्हातारीचं: पोस्टमनला पत्ता एकच माहीत, कुठलं पत्र कुठल्या बिऱ्हाडाचं हे ती बघणार, अनोळखी माणसाला दारातूनच परत पाठवणार. अशा फ्लॉपीवरच्या लिनक्सची सुरुवात नव्वदच्या दशकातली, 'लिनक्स राउटर प्रोजेक्ट'पासूनची.

मग आला निळा-काळा डबा. लिंकसिस या अमेरिकन कंपनीने २००२ च्या अखेरीस डब्ल्यूआरटी५४जी हा वायफाय राउटर काढला. १६ एमबी मेमरी, ४ एमबी फ्लॅश. दुसऱ्याच वर्षी सिस्कोने ती कंपनी सुमारे ५० कोटी डॉलरला विकत घेतली. पण त्याच उन्हाळ्यात काही हौशी लोकांनी डब्यातलं सॉफ्टवेअर तपासलं, तर आत लिनक्स! लिनक्स फुकट वापरा, पण त्याच्या जीपीएल परवान्याची अट अशी की वस्तू विकलीत तर त्यातल्या लिनक्सचा सोर्स कोडही ग्राहकाला द्यायचा. कंपनीने तो दिला नव्हता. बोंबाबोंब झाली आणि अखेर कोड बाहेर आला.

त्या कोडवरूनच २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' सुरू झालं. नाव सरळ डब्याच्या मॉडेलवरून. साध्या राउटरमध्ये लोक स्वतःची फायरवॉल, स्वतःचे नियम टाकू लागले.

कंपनीचं उत्तर बघा. २००५ च्या पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स नावाची दुसरी सिस्टीम घातली, मेमरी ८ वर आणली, फ्लॅश २ वर. बाहेरून डबा तोच! लोक ओरडल्यावर जुनाच डबा 'जीएल' नावाने वेगळा विकायला काढला, आणि तो पुढे कित्येक वर्षं खपत राहिला. (गिऱ्हाईक काय मागतंय ते कळायला एवढा उशीर का लागावा, देव जाणे.) परवान्यावरून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००८ मध्ये सिस्कोला कोर्टात खेचलं. २००९ ला तडजोड झाली.

हे हौशी लोकांचं वेड म्हणून सोडून देऊ नका. मे २०१८ मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' हा व्हायरस उघडकीस आला. ५४ देशांत किमान ५ लाख उपकरणं बाधित, बहुतेक घरात आणि छोट्या ऑफिसात असतात तसलेच राउटर. एफबीआयने लोकांना राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. असे डबे एकदा लावले की वर्षानुवर्षं अपडेट होत नाहीत, आणि किल्ली आपल्याकडे नसेल तर आपण करूही शकत नाही. आपली बँक, पोरांचा अभ्यास, माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी, सगळं त्यातूनच जातं.

मी आता ओपनडब्ल्यूआरटी चालणारा राउटर आणलाय. कनेक्शनवाल्याला म्हटलं, तुमचा डबा ब्रिज मोडवर टाकून द्या, बाकी माझं मी बघतो. म्हणाला, "सोमवारी माणूस पाठवतो."

आज गुरुवार.