ज्याचं त्याचं पिस्तूल

शुक्रवारी आमच्या आयटीवाल्यांचा मेल आला. स्वतःचा लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कला जोडायचा नाही. वरच्या साहेबलोकांना मात्र सूट! चिडचिड झालीच, पण डोक्यात आला तो चर्चिल. (माझं डोकं असंच चालतं, बायकोला विचारा.)

१८९६ साली २१ वर्षांचा विन्स्टन चर्चिल चौथ्या हुसार रेजिमेंटबरोबर मुंबईत उतरला, आपल्या ससून डॉकवर. लाटांवर वरखाली होणारी छोटी होडी, ओल्या पायऱ्या, भिंतीत लोखंडी कड्या. पठ्ठ्याने उजव्या हाताने कडी धरली आणि नेमकी तेव्हाच होडी खाली गेली. खांदा असा दुखावला की पुढे आयुष्यभर त्रास देत राहिला. तलवार फिरवताना खांदा कधी दगा देईल याचा भरवसा नाही, आणि हा तर घोडदळातला अधिकारी!

म्हणून त्याने लंडनमध्ये स्वतःसाठी माउझर पिस्तूल विकत घेतलं. दहा गोळ्यांचं, तेव्हाचं एकदम लेटेस्ट मॉडेल. २ सप्टेंबर १८९८ ला सुदानात ओमदुर्मानच्या लढाईत २१ व्या लान्सर्सनी हल्ला चढवला, तेव्हा त्याने तलवार म्यानात घातली आणि हे पिस्तूल काढलं. दोनेक मिनिटांच्या त्या धुमश्चक्रीत रेजिमेंटचे सत्तरच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. हा सहीसलामत बाहेर आला. ससून डॉकची ती कडी नसती तर तो तलवार घेऊनच घुसला असता, आणि मग पुढचा इतिहास... असो.

त्याचं पिस्तूल खाजगी होतं, याचं त्या काळी कुणाला काही वाटलं नाही. ब्रिटिश अधिकारी तलवार, रिव्हॉल्व्हर, दुर्बीण आपापल्या पैशाने घेत.

आता त्याच राणीच्या फौजेतला हिंदी स्वार बघा. तिथे सिल्लेदारी पद्धत होती, म्हणजे आपलीच शिलेदारी. सिलाह म्हणजे हत्यार, ते बाळगणारा तो शिलेदार. भरती होताना रेजिमेंटकडे रक्कम भरायची. घोडा, खोगीर, कपडे, तलवार सगळं त्यातून. घोडा मेला तर नवा यायचा रेजिमेंटच्या फंडातून, आणि त्या फंडातही पैसे स्वारांचेच. सरकार स्वतःहून द्यायचं ते फक्त बंदूक आणि काडतुसं.

किती उदार, असं वाटेल. पण १८५७ नंतरचं हे सरकार आहे. घोडा तुझा, तलवार तुझी, बंदूक मात्र आमची. तीही कुठली? हिंदी पलटणींना गोऱ्यांच्या एक पिढी मागची बंदूक मिळे. १८९७ च्या तिराह मोहिमेत गोऱ्या सैनिकांकडे मॅगझिनवाली ली-मेटफर्ड होती, हिंदी शिपायाकडे मार्टिनी-हेन्री. एका वेळी एकच गोळी, आणि बार काढला की काळ्या दारूचा धूर. समोरच्या डोंगरावरच्या आफ्रिदीला आपला शिपाई कुठे दडलाय ते आयतं दिसायचं. अविश्वासाची किंमत कोण मोजत होतं, हे वेगळं सांगायला नको.

अर्थात हत्याराच्या मालकीची धास्ती काही इंग्रजांनीच शोधलेली नाही. शिवाजी महाराजांच्या घोडदळात सरकारी घोड्यावरचे बारगीर होते आणि स्वतःचा घोडा-हत्यारं आणणारे शिलेदारही. सभासद लिहितो की शिलेदारांना पागेच्या हाताखाली ठेवलं होतं, बंडावा करायला जागा राहू नये म्हणून. स्वतःचं सामान असलेला माणूस उद्या ते घेऊन दुसरीकडे जाऊ शकतो ना! फरक एवढाच, की महाराजांनी त्याला जुनाट हत्यार देऊन लढायला नाही पाठवलं.

सिल्लेदारी शेवटी मोडली ती पहिल्या महायुद्धात. फ्रान्समध्ये शेकड्यांनी घोडे मरायला लागल्यावर फंड कुठवर पुरणार? १९२१ च्या सुमारास घोडदळाची फेररचना झाली आणि घोड्यापासून खोगिरापर्यंत सगळं सरकारी झालं. शिलेदार उरले आडनावापुरते. आमच्या सोसायटीत आहेत एक. त्यांची स्कूटर मात्र स्वतःची आहे :)