निगेटिव्हवरची धूळ आणि आपला इतिहास

१४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा असो की त्याच वर्षी ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर लोटलेला जनसागर. परमपूज्य बाबासाहेबांचे ते दिवस आमच्या पोरांना दिसतात ते जुन्या कृष्णधवल फिल्ममुळे. कुणाच्या पेटीत अशी निगेटिव्ह असेल तर ती इतिहासाचा पुरावाच समजा.

निगेटिव्हवरच्या धुळीचा फोटोत पांढरा ठिपका उमटतो. पूर्वी स्टुडिओतला कारागीर तो बारीक ब्रशने रंगवून बुजवायचा. पुढे स्कॅनर आले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इन्फ्रारेड किरणांची युक्ती निघाली. रंगीत फिल्ममधून हे किरण आरपार जातात. धूळ आणि ओरखडे त्यांना अडवतात. त्यामुळे यंत्राला डाग नेमका कळतो. पण जुन्या कृष्णधवल फिल्मवरचे चित्र चांदीच्या कणांचे. ती चांदीही किरण अडवते. मग धूळ कुठली नि माणूस कुठला, हे यंत्राला उमगत नाही.

म्हणून आपल्या निगेटिव्हचे काम हातानेच करावे लागते. फिल्म कडेला धरावी, ब्लोअरने धूळ उडवावी, मऊ ब्रश फिरवावा. फडक्याने घासू नये. स्कॅन झाल्यावर उरलेले डाग कॉम्प्युटरवर एकेक करून काढावेत. मूळ स्कॅन मात्र तसाच वेगळा ठेवावा. एका बटणात सगळे ठिपके पुसू नयेत. गर्दीतला एखादा ठिपका आपला आजा, आपली आजी असू शकते.

ज्यांना इतिहासाने पुसले, त्यांनी आपलीच माणसे धुळीबरोबर पुसू नयेत, एवढेच आमचे सांगणे.

जयभीम! नमो बुद्धाय!